पहिला सांधा

सौनाच्या लाकडी पायरीवरून उतरून बर्फातल्या चौकोनाकडे निघालेल्या रायलीचा उजवा पाय मध्येच थांबला. डावा पुढे निघाला होता, तोही मग नाइलाजाने थांबला. मागून येणारी बाई तिच्या पाठीवर आदळता आदळता राहिली आणि म्हणाली, अगं चल की, इथेच पुतळा व्हायचंय का. फेब्रुवारीतल्या शनिवारची दुपार, उजेड ओसरायला लागलेला, हाडं गोठवणारी थंडी, अंगात पोहायचा कपडा आणि डोक्यावर लोकरीची टोपी. अशा थाटात वाटेत उभं राहायचं नसतं हे रायलीला कुणी सांगायला नको होतं. कित्येक हिवाळे ती ह्या तळ्यात उतरत आली होती. सौनाच्या तापलेल्या खोलीत भाजून निघायचं, वाफाळत्या अंगाने चार पावलं चालायचं, बर्फ कापून मोकळ्या केलेल्या काळ्या पाण्यात गळ्यापर्यंत जायचं आणि वर येऊन आपण अजून जिवंत आहोत ह्याची खात्री करून घ्यायची, एवढंच तर असतं. पण आज तिच्या तळपायाला काहीतरी लागलं होतं. टोचलं नव्हतं की खुपलंही नव्हतं. ओळखीचं वाटलं होतं. आपण कुणाच्या तरी अंगावर पाय ठेवला, असं तिला वाटलं आणि तिने तो चटकन उचलून घेतला.

बर्फाला पाय चिकटू नये म्हणून वाटेवर जुनं फेल्ट अंथरलेलं असे. कागदाच्या गिरणीत यंत्रावरून उतरवलेलं जाड लोकरी फेल्ट. तांपेरे शहरात आणि तळ्याकाठच्या गावांत असं घर सापडायचं नाही जिथे ह्या फेल्टचा तुकडा कुठे ना कुठे पडलेला नाही. तळघरातल्या बटाट्यांवर, होडीत बसायच्या फळीवर, बुटात तळव्याखाली, म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांवर. ज्या बायका ते बनवायच्या त्या त्याला फेल्ट म्हणत नसत, घोंगडं म्हणत. रायली त्यांच्यातलीच. छत्तीस वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. ती वाकली, गुडघ्यावर बसली आणि ओल्या, कडक झालेल्या घोंगड्यावर तिने बोटं टेकली. मागे आता तीन बायकांची रांग लागली होती आणि त्या आपापसांत काय म्हणत होत्या ते ऐकू येत असूनही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. बोटांना पायऱ्या लागल्या. लोकर झिजून गेली होती, वरची लव कधीच उडाली होती, आणि म्हणून जे कधीच कुणाला दिसू नये, लागू नये, ते उघडं पडलं होतं. सांधा. घोंगड्याची दोन टोकं जिथे एकमेकांत विणून एक केली होती ती जागा. पायऱ्या उजवीकडे चढत होत्या. एक, मग जरा पुढे दुसरी, मग तिसरी, अशा रांगेने चढून पुन्हा खाली उतरून पुन्हा चढणाऱ्या. जगात हा हात एकच होता. रायलीच्या आईचा.

ती पाण्यात उतरली ते केवळ मागच्या बायकांच्या धाकाने. एरवी पाणी छातीला लागलं की डोक्यातलं सगळं पुसलं जायचं, म्हणून तर ती यायची. आज काही पुसलं गेलं नाही. काळ्या पाण्यात श्वास रोखून उभी असताना तिला दिसत होतं ते लांबच लांब टेबल, त्याच्या पलीकडे बसलेली आई आणि आईचे हात. घोंगडं विणून मागावरून उतरतं तेव्हा त्याला दोन टोकं असतात, आणि दोन टोकं असलेलं काहीही कागदाच्या यंत्राच्या कामाचं नसतं. यंत्राला फिरतं, न संपणारं घोंगडं लागतं. त्याच्यावर बसून ओला लगदा रुळांमधून जातो, पिळला जातो, आणि पलीकडे कागद होऊन निघतो. तेव्हा टोकं जोडायची, आणि अशी जोडायची की जोडली होती हे घोंगड्यालाही आठवू नये. गाठ चालत नाही, शिवण चालत नाही. इकडच्या टोकाचा एकेक धागा तिकडच्या टोकात त्याच्या जोडीदाराशेजारून आकडीच्या सुईने आत घालायचा, आणि प्रत्येक धाग्याचं शेपूट वेगवेगळ्या जागी दडवायचं, पायऱ्या पाडत, म्हणजे कुठेही सरळ रेघ होत नाही. अशा हजारो धाग्यांचा एक सांधा. त्यात एक धागा जरी ताठ राहिला तरी कागदावर डाग उमटतो, आणि घोंगडं फिरतं तेवढ्या वेळा उमटतो, मैलोनमैल. मग ते घोंगडं साबणाच्या गरम पाण्यात घालून कुटत, ते आटे, दाट होई, आणि सांधा त्यात बुडून जाई. पुढे यंत्रावर ते वाकडं धावतंय की सरळ हे कळावं म्हणून वरच्या अंगाला, सांध्यापासून हातभर अंतरावर, एक निळी रेघ मारत. रेघ सगळ्यांना दिसे. सांधा कुणालाच दिसत नसे. आणि तरीही बायका एकमेकींचा हात ओळखत, जसं जिन्यावरच्या पावलांवरून घरातलं माणूस ओळखू येतं.

कपडे करून ती बाहेर आली तेव्हा तौनो कॉफी ओतत होता. तौनो हा पोहणाऱ्या मंडळाचा राखणदार, सौना तापवणारा, बर्फ कापणारा, आणि कॉफीत साखर कुणी किती घेतली ह्याच्यावर बारीक नजर ठेवणारा. उभा जन्म त्याने तळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गिरणीत कागदाच्या यंत्रावर काढला होता. रायलीने त्याला विचारलं, हे घोंगडं कुठलं. तो म्हणाला, का, बोचलं का राणीसाहेबांच्या पायाला. जुनं फाटून गेलं म्हणून त्याने ह्या आठवड्यात घरून आणून टाकलं होतं. इतकी वर्षं ते त्याच्या तळघरात बटाट्यांवर पांघरलेलं होतं.

"कुठल्या साली उतरवलेलं?"

"ऑलिंपिकच्या. बावन्नच्या." तौनोला विचारच करावा लागला नाही. "दोन नंबरच्या यंत्रावरचं. लक्षात राहायला कारण आहे. घोंगडी तेव्हा दोन-तीन आठवड्यांत लगदा भरून बसायची, चिखल होऊन जायची. हे उन्हाळ्यात चढवलं आणि बर्फ पडायला लागला तरी धावतंय. आमचा मुकादम रोज येऊन त्याच्याकडे बघायचा आणि काही न बोलता जायचा. शेवटी उतरवलं तेसुद्धा यंत्रच धुवायचं होतं म्हणून. मी म्हटलं, ह्याचे तुकडे करून विकू नका, अख्खं मला द्या."

रायलीने कप खाली ठेवला. बावन्नचा उन्हाळा. दोन नंबरचं यंत्र. ते घोंगडं तिला माहीत होतं. त्याचा सांधा तिने घातला होता, अठराव्या वर्षी, एकटीने, आयुष्यातला पहिला.

म्हणजे घातला होता तिने, आणि त्यात हात निघाला होता आईचा. ह्याचा अर्थ एवढाच होता की आईने तो उसवून पुन्हा घातला. आणि हे कळल्यावर कुणी रडलं असतं, पण रायलीला काळोखात बर्फाच्या रस्त्याने घरी चालताना हसूच येत होतं, पोटातून, थांबवता न येणारं. समोरून येणाऱ्या एका बाईने तिच्याकडे निरखून पाहिलं. छत्तीस वर्षं जे वाक्य ऐकायला ती थांबली होती त्याचा पुरावाच पायाखाली सापडला होता.

सांधणाऱ्या बायकांच्या त्या खोलीची रीतच तशी होती. शिकाऊ मुलीने पहिला सांधा घातला की मुख्य सांधणारीण तो मागच्या खोलीत नेई, दार लावून घेई आणि आठवडाभर बसून सगळा उसवून स्वतः पुन्हा घाली. मुलीला काही कळू द्यायचं नाही. ती बिचारी आपलं घोंगडं गिरणीवर गेलं म्हणून फुशारत हिंडायची आणि बाकीच्या बायका मान खाली घालून हसू दाबायच्या. पुढे वर्षाने, दोन वर्षांनी, तिचा हात तयार झाला असं वाटलं की एक दिवस सकाळच्या कॉफीला वेलदोड्याचा गोड पाव यायचा, मुख्य बाई उठायची आणि सगळ्यांसमोर म्हणायची, तुझा पहिला मी उसवला होता. त्यासरशी मुलगी लाल व्हायची, बायका टेबलं बडवायच्या, आणि त्या क्षणापासून ती मुलगी शिकाऊ राहायची नाही. ते वाक्य हेच प्रमाणपत्र. जिला ते सांगितलं गेलं तीच पुढे दुसरीला शिकवू शके. रायलीच्या बरोबरीच्या सगळ्यांना ते सांगितलं गेलं. कुणाला वर्षात, एकीला तर आठ महिन्यांत. मुख्य सांधणारीण होती लेम्पी, म्हणजे रायलीची आई, आणि लेम्पीने रायलीला ते कधीच सांगितलं नाही.

बायकांनी सुरुवातीला समजूत काढली की पोटच्या पोरीला जरा जास्तच कस लावतेय. मग बोलणं बंद केलं. मग लेम्पी निवृत्त झाली, लोकरीची घोंगडी गेली, प्लास्टिकच्या बारीक जाळ्या आल्या, टेबलावर भिंगं आली, आणि ज्यांना ती रीत माहीत होती त्या एकेक करून घरी बसल्या किंवा वारल्या. रायली सांधत राहिली. तिच्या जाळ्या कधी परत आल्या नाहीत, तिच्या नावाने कुणी कधी तक्रार केली नाही, आणि आत कुठेतरी ती अठरा वर्षांची शिकाऊच राहिली. हे ती कुणाला सांगणार होती? नवऱ्याला एकदा सांगितलं होतं, तो हयात असताना. तो म्हणाला होता, एका पावाच्या तुकड्यापायी एवढं? त्यानंतर तिने पुन्हा सांगितलं नाही. आणि आता ह्याच शुक्रवारी मुकादमीण आर्मी तिच्या टेबलाशी येऊन म्हणाली होती की सांधायचं यंत्र आलंय ते अरुंद जाळ्या सांधेल, पण सगळ्यांत रुंद जाळ्या त्याच्या आवाक्यातल्या नाहीत, त्या हातानेच व्हायच्या, आणि हाताने करणारी तू शेवटची. एक मुलगी शिकवून तयार कर, सोमवारी सांग. रायलीने मनात नाही ठरवून टाकलं होतं. जिला ते वाक्य मिळालं नाही तिने कुणाला काय शिकवायचं? आता मात्र आईपुढे जाऊन म्हणता येणार होतं, मला ठाऊक आहे, तू उसवला होतास, आता तोंडाने म्हण.

घरी पोचल्यावरही तळपाय धगधगत होता, आणि तिला ते आठवलं ज्याच्याकडे ती सहसा वळत नसे, कारण त्याच्यापुढे बाकी सगळं लहान होऊन जाई. बावन्नच्याच शरद ऋतूत कारखान्याने बायकांना बसमध्ये घालून गिरणी दाखवायला नेलं होतं. ज्याच्यासाठी जन्मभर बोटं झिजवली ते यंत्र त्यांतल्या बहुतेकींनी पाहिलेलंच नव्हतं. दार उघडलं आणि आवाजाने छातीत धक्का दिला. आत गरम, ओली हवा, शिजलेल्या लाकडाचा वास, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर पोचणार नाही एवढं ते दोन नंबरचं यंत्र, रुळांवर रूळ, आणि त्यांच्यातून धावणारं घोंगडं. ते तिच्या टेबलावर पडलेलं असायचं तेव्हा मेल्यासारखं जड असायचं, चार बायकांना हलवता येत नसे. इथे ते जिवंत होतं. त्याच्या अंगावर दुधासारखा पातळ लगदा येत होता आणि पाहता पाहता त्याला अंग येत होतं, कड येत होती, तो पांढरा होत होता, आणि शेवटी कुणीतरी मंत्र म्हटल्यागत तो कागद होऊन उचलला जात होता. निळी रेघ यायची आणि जायची, यायची आणि जायची. तिच्या मागोमाग हातभरावर सांधा असणार. रायली डोळे फाडून बघत राहिली. हजारो धागे, ज्यांच्यापायी ती सांधा संपवून बोटं सुजवून घरी गेली होती ते सगळे धागे, दर दोन श्वासांना तिच्यासमोरून जात होते, आणि कागदावर काही नव्हतं. स्वच्छ पांढरं होतं. चर्चमध्ये रडत नाहीत अशी माणसं तिथे रडताना तिने पाहिली. शेजारी आई उभी होती. लेम्पीने हातमोजा काढला होता आणि तळवा घोंगड्याच्या वाऱ्याकडे धरला होता, स्पर्श न करता. डोळे मिटले होते. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याचा अर्थ रायलीला तेव्हा लागला नाही. पुढे रीत कळल्यावर तिला वाटलं, आई स्वतःच्याच हातावर खूश होती. त्याच आठवड्यात आईने तिला करड्या लोकरीचे, काठाला लाल पट्टी असलेले मोजे दिले होते, कसलंही निमित्त नसताना. लेम्पी भेटी देणाऱ्यांपैकी नव्हती. ते मोजे समजूत काढण्यासाठी दिले, असं रायलीने पुढे ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी ती पुन्हा तळ्यावर गेली आणि तौनोकडून सांध्याच्या दोन्ही बाजूंचं बरंच घोंगडं कापून घेतलं. तौनो सुरी चालवता चालवता कुरकुरत होता, मंडळाच्या बायकांचे पाय गोठले तर त्या मला बर्फाखाली घालतील. तिने त्याला का ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला समजलं असतं, आणि नेमकं तेच तिला नको होतं. वाटेत तिने बेकरीतून वेलदोड्याचा गोड पाव घेतला, मोठा, वेणीचा, वर साखर भुरभुरलेला.

लेम्पी एकोणऐंशीची होती आणि तिला जवळजवळ काही दिसत नव्हतं. उजेड कुठे आहे आणि माणूस कुठे आहे एवढं कळे. बाकी सगळं जागच्या जागी होतं, जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार. ती खिडकीशी बसून रेडिओवरची प्रार्थना ऐकत होती, म्हणजे पास्टरच्या चुका काढत होती. रायली आत आली तशी तिने नाक वर केलं.

"वेलदोडा," ती म्हणाली. "कोण मेलं?"

रायली म्हणाली, कुणी मेलं नाही. कॉफी केली, पाव कापला, आईच्या हातात दिला. मग कोटही न काढता तिने कापून आणलेलं घोंगडं आईच्या मांडीवर ठेवलं. ते अजून ओलसर होतं आणि त्याला तळ्याचा वास होता. इतकी वर्षं मनात घोकलेलं वाक्य होतं, पण आधी हातांना बोलू दे, असं तिला वाटलं. लेम्पीने पाव बाजूला ठेवला. बोटं पुसली. तिची बोटं आता वाकडी झाली होती, सांध्यांशी सुजलेली, सकाळी बटण लावता यायचं नाही. तीच बोटं घोंगड्यावर टेकली आणि चालायला लागली. काल आपण हेच बोटांनी केलं आणि आपल्याला त्याचं फार वाटलं, असं रायलीच्या मनात आलं. आई ते करत होती तेव्हा खोलीत दुसरं काहीच उरलं नव्हतं. लेम्पी एका कडेपासून निघाली, पायरी सापडली, थांबली, पुढे गेली, उतरली, पुन्हा चढली. रेडिओवर स्तोत्र सुरू झालं. बऱ्याच वेळाने ती थांबली आणि तिने मान तिरकी केली.

"उलटं दिलंयस," ती म्हणाली.

रायलीला कळेना. लेम्पीने जीभ टाळ्याला लावून टक् आवाज केला, शिकाऊ पोरीकडे पाहून करायची तसा, आणि विचारलं, निळी रेघ दिसतेय का तुला, माझे तर डोळे गेले. रायलीने पाहिलं. नव्हती. काल तळ्यावरही नव्हती, आणि तिला वाटलं होतं, इतक्या वर्षांत उडून गेली असेल. तिने घोंगडं उलटलं. सांध्यापासून हातभर अंतरावर, आभाळ धुवून निघावं तशी फिकी, पण सलग, या कडेपासून त्या कडेपर्यंत निळी रेघ होती. तौनोने वाटेवर घोंगडं पालथं अंथरलं होतं. रायलीने सांध्यावर हात ठेवला. ह्या बाजूने पायऱ्या डावीकडे चढत होत्या.

तिला काहीतरी कळायला लागलं होतं आणि ते तिला नको होतं, कारण ते फार मोठं होतं.

"हा तुझा आहे," लेम्पी म्हणाली. "समोर बसून शिकलीस ना तू. माझा उजवा हात तुझा डावा झाला. आरशात बघून वेणी घालणाऱ्या पोरीसारखी तू माझं सगळं उलटं उचललंस. मी पहिल्या महिन्यातच पाहिलं. म्हटलं, मोडायचं कशाला, हात चाललाय ना नीट."

"पण तू तर उसवला होतास. पहिला. आठवडाभर मागच्या खोलीत बसली होतीस. सगळ्यांनी पाहिलंय."

"बसले होते," लेम्पी म्हणाली. मग तिने पाव पुन्हा हातात घेतला, त्याचा तुकडा तोडला आणि तो खाल्ला नाही. रायली वाट बघत राहिली. तिच्या आईला घाई करून काही मिळत नसे, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. शेवटी लेम्पीने सांगायला सुरुवात केली, आणि ती सांगत होती ते खिडकीला सांगितल्यासारखं, स्वतःवर जराशी चिडून. ती सोमवारी आत गेली, दार लावलं, आकडी घेतली आणि उसवायला बसली. उसवायचं म्हणजे एक सैल धागा शोधायचा, एक तरी, तिथून सुरुवात होते. पोरींच्या पहिल्या सांध्यात असे धागे पासरीभर असतात. ती शोधत राहिली. दुपार झाली. तिने दिवा जवळ घेतला, मग दिवा मालवून नुसत्या हाताने पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं.

"सुरुवात कुठून करायची तेच सापडेना मला," लेम्पी म्हणाली. "इतकी वर्षं त्या खोलीत बसत आले, असं कधी झालं नव्हतं. राग आला. मग भीती वाटली. अठरा वर्षांची पोरगी, कालपर्यंत जिचं नाक मी पुसलं, आणि मला तिच्यात बोट घालायला जागा नाही."

यंत्राच्या वाऱ्याकडे धरलेला तो उघडा तळवा रायलीला दिसत होता, मिटलेले डोळे दिसत होते. कुणाच्या हातापुढे आईने डोळे मिटले होते ते आता कळत होतं, आणि ते कळणं सहन होत नव्हतं. एवढं कुणी आपल्याकडे पाहिलं होतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. तिने कोटाची बटणं काढायला घेतली, नुसतं हातांना काहीतरी काम हवं म्हणून, आणि मग म्हणाली ते अगदीच भलतं.

"मग आठवडाभर आत बसून केलंस काय?"

"मोजे विणले," लेम्पी म्हणाली. "लगेच बाहेर आले असते तर बायका काय म्हणाल्या असत्या? पोटच्या पोरीची बाजू घेतली म्हणाल्या असत्या. मोजे विणून ठेवले आणि तुला दिले. करडे. लाल काठाचे."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? उसवला म्हणायची रीत होती. उसवला नाही म्हणायची रीत नव्हती." मग जराशाने, आवाज खाली आणून, "शिवाय तू कधी विचारलंस?"

विचारलं नव्हतं. छत्तीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. दर रविवारी ह्याच खोलीत ह्याच टेबलाशी कॉफी प्यायली होती, हवेबद्दल बोलली होती, मासळीच्या भावाबद्दल बोलली होती. दोघी एका ताण्याच्या दोन टोकांना बसून राहिल्या होत्या. रायली जमिनीवर बसली, आईच्या पायांशी, आणि तिने घोंगड्यावर कपाळ टेकलं. ते ओलं होतं, त्याला बटाट्यांचा आणि तळ्याचा वास होता. तिला रडू आलं, मोठ्याने आलं, आणि लेम्पीने ते येऊ दिलं. तिचे सुजलेले हात रायलीच्या डोक्यावर नव्हते. ते सांध्यावरच होते, अजून चालत होते, इकडून तिकडे, पुन्हा इकडे. ती अजूनही शोधत होती.

"नाही सापडत बाई," ती शेवटी म्हणाली, आणि उरलेला पाव खायला लागली.

सोमवारी रायलीने आर्मीला हो म्हटलं. आर्मीने तेइया नावाच्या मुलीला पाठवलं, उंच, गप्प, नखं दाताने कुरतडणारी. सगळ्यांत रुंद जाळी टेबलावर पसरलेली होती, इतकी बारीक की उजेडात ती धुक्यासारखी दिसे, आणि तिची दोन्ही टोकं एकमेकांकडे तोंड करून पडली होती. सांधायचं यंत्र खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात टकटक करत होतं. तेइयाने स्टूल ओढलं आणि टेबलाच्या पलीकडे, रायलीच्या बरोबर समोर ठेवलं. मग तिला वाटलं असावं आपलं चुकलं, कारण समोरून सगळं उलटं दिसणार. ती स्टूल उचलून रायलीच्या बाजूला यायला लागली. रायलीने भिंग डोळ्याशी आणलं होतं, ते खाली केलं. तिने आपले हात पाहिले. डाव्या हातात सुई होती, कायमच असायची, आणि तिला वाटे आपण जन्माने डावखुऱ्या आहोत.

"नको, तिथेच राहा," ती म्हणाली. "समोर बस."

तेइयाने स्टूल परत मागे नेलं आणि बसली. रायलीने पहिला धागा उचलला.